विमानाच्या पोटात काय आहे?

मुलगा तासन् तास संगणकापुढे बसतो आणि विमाने उडवितो, ही तक्रार हल्ली घरोघर ऐकू येते. आई म्हणते, "जेवायला हाक मारली तर सांगतो, थांब, मी आत्ता जर्मनीवर आहे!" वडील म्हणतात, "एवढ्या वेळात गणिताचे दोन धडे झाले असते." घरात आजी असली तर तीच काय ती नातवाची बाजू घेते. घरच्या घरी बसून पोर जर्मनीला जाऊन येते, त्यात वाईट ते काय, असा तिचा सरळ हिशेब असतो.

या खेळाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. उड्डाणाची हुबेहूब नक्कल, असे आपण त्याला म्हणू. पडद्यावर वैमानिकाची बैठक दिसते, समोर तबकड्यांची आणि काट्यांची रांग दिसते आणि काचेतून खाली जमीन दिसते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने हा खेळ १९८२ मध्ये प्रथम बाजारात आणला तेव्हा ती जमीन म्हणजे चार रेघा होत्या. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून सगळी पृथ्वीच त्यात उतरविली गेली. नद्या, डोंगर, रस्ते जेथल्या तेथे. इतकेच नव्हे, तर बाहेर खरोखर ज्या घटकेला जशी हवा असेल तशी हवाही पडद्यावर आणता येते.

या खेळात पुष्कळ प्रकार आहेत. २०२४ च्या आवृत्तीत मालवाहतूक आहे, जंगलातला वणवा विझविणे आहे, हरवलेल्या माणसांचा शोध घेऊन त्यांची सुटका करणे आहे. परंतु काही खेळाडूंचे एवढ्याने समाधान होत नाही. ते आपण होऊन इतिहासातली एखादी मदतफेरी निवडतात. तेच विमान, तीच वाट आणि जमेल तितके तेच वजन घेऊन ते निघतात. कोठे तरी माणसे अडकली आहेत, उपाशी आहेत, आणि आपल्याला त्यांच्यापर्यंत धान्य पोचवायचे आहे, अशी ती कामगिरी असते.

मऊ खुर्चीत बसून उपाशी माणसांना पीठ पोचविण्याचा खेळ खेळावा, हे बरे की वाईट? दुसऱ्याच्या उपासमारीची ही करमणूक झाली, असे कोणी म्हणेल. निदान मारामारीच्या खेळांपेक्षा बरे, असेही कोणी म्हणेल. मला ही दोन्ही उत्तरे उतावळी वाटतात. उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या: हे नकली विमान मुळात आले कोठून, आणि ज्या फेरीची नक्कल करायची ती खरी फेरी होती तरी कशी.

जत्रेतले विमान

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तेथे लिंक नावाच्या गृहस्थांचा ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा कारखाना होता. त्यांचा मुलगा एडविन याला विमानाचे वेड लागले. विमान शिकणे तेव्हा फार खर्चाचे होते. बापाच्या कारखान्यात ऑर्गनचे भाते पडलेले, हवेच्या नळ्या पडलेल्या. या पोराने ते भाते जोडून १९२९ च्या सुमारास एक लहानसे लाकडी विमान तयार केले. त्याला आखूड पंख होते, आत एक बैठक होती, आणि दांडा हलविला की भात्यांत हवा भरून ते डोलत असे, कलत असे. जमीन मात्र ते कधीच सोडत नसे.

एडविन लिंकला वाटले होते की उड्डाणशाळा या यंत्रावर उड्या टाकतील. उड्या पडल्या त्या जत्रेतल्या पोरांच्या. करमणुकीच्या बागांतून पाळण्याशेजारी हे यंत्र उभे राहिले. म्हणजे ज्याला आपण आज 'नुसता खेळ' म्हणून नाके मुरडतो, तो जन्मापासून खेळच होता!

मग १९३४ साल उजाडले. अमेरिकेत टपाल नेण्याचे काम काही काळ सैन्याच्या विमानांकडे आले. हिवाळ्याचे दिवस होते; धुके, हिम, रात्र. या वैमानिकांना उघड्या आकाशात उडण्याची सवय होती, नुसत्या काट्यांकडे पाहून उडण्याची नव्हती. थोड्याच आठवड्यांत डझनभर माणसे दगावली. तेव्हा कोठे सैन्याला जत्रेतल्या त्या विमानाची आठवण झाली. सहा यंत्रे विकत घेतली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच निळ्या पेटाऱ्यात बसून लाखो वैमानिक शिकले. झाकण लावले की आत अंधार, समोर फक्त तबकड्या. डोळ्यांवर विसंबायचे नाही, काट्यावर विसंबायचे, हा धडा तो पेटारा देई.

हा धडा पुढे एका अख्ख्या शहराच्या उपयोगी पडला. ते शहर म्हणजे बर्लिन.

वीस लाखांचा शिधा

युद्ध संपल्यावर जर्मनीचे चार तुकडे झाले आणि बर्लिनचेही चार. गंमत अशी की बर्लिन होते रशियाच्या ताब्यातल्या मुलखाच्या पोटात. शहराचा पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडे. पण त्याच्या चोहोबाजूंना रशियन सैन्य. पश्चिम जर्मनीत नवे चलन आले, त्यावरून वाद पेटला, आणि २४ जून १९४८ रोजी रशियाने पश्चिम बर्लिनकडे येणारे रेल्वेचे, मोटारींचे आणि कालव्यांचे मार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. उरली ती हवेतली वाट. प्रत्येकी वीस मैल रुंदीचे तीन हवाई रस्ते तेवढे करारान्वये मोकळे होते.

२६ जूनला अमेरिकन विमाने पीठ, दूध आणि औषधे घेऊन निघाली. दोनच दिवसांत ब्रिटिशही निघाले. तीन वर्षांपूर्वी याच देशांच्या विमानांनी याच शहरावर बॉम्ब टाकले होते. ही निव्वळ भूतदया होती, असे मात्र कोणी समजू नये. बर्लिन हातचे गेले तर युरोपातली आपली पत गेली, हे राजकारण त्यामागे होतेच. पण राजकारण कोणाचेही असो, भाकरी ज्याच्या ताटात पडते त्याची भूक ती भागवितेच.

आता गृहिणींनी पुढचा हिशेब जरा लक्ष देऊन वाचावा, कारण तो मुळात त्यांच्याच खात्यातला आहे. वीस लाखांच्या या कुटुंबाला रोज किती वाणसामान लागते, याची यादी अधिकाऱ्यांनी केली. पीठ आणि गहू ६४६ टन. इतर धान्य १२५ टन. मांस आणि मासळी १०९ टन. चरबी ६४ टन. सुकविलेले बटाटे १८० टन. साखर १८० टन. सुकविलेल्या भाज्या १४४ टन. मीठ ३८ टन. दुधाची भुकटी १९ टन. तान्ह्या मुलांसाठी ओले दूध ५ टन. कॉफी ११ टन. चीज १० टन आणि पावासाठी यीस्ट ३ टन. एकूण १५३४ टन. हा अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. भागून पाहिले तर माणशी दिवसाला पाऊण किलोसुद्धा होत नाही. मेजवानीचा नव्हे, जीव जगविण्याचा हा शिधा होता.

बटाटे सुकविलेले का, आणि दुधाची भुकटी का? कारण पाण्याला वजन असते आणि पाणी बर्लिनमध्ये होतेच. भाजलेल्या पावातही पाणी असते. म्हणून पाव न नेता पीठ न्यायचे आणि पाव तेथे भाजायचा. पण भाजायला सरपण हवे, थंडीत ऊब हवी, विजेच्या कारखान्याला जळण हवे. म्हणून कोळसा! अखेरपर्यंत विमानांनी जे वाहिले त्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग कोळसाच होता. सैनिकांच्या जाड कापडी पिशव्यांत भरून तो नेत. त्याची भुकटी विमानाच्या कानाकोपऱ्यांत, तारांत आणि यंत्रांत शिरे. मिठाने लोखंड गंजते, म्हणून मीठ नेण्याचे काम ब्रिटिशांच्या संडरलँड या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांकडे दिले, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्याची त्यांच्या अंगाला सवय होती. ती हांबुर्गजवळ एल्ब नदीतून उठत आणि बर्लिनच्या हाफेल जलाशयावर उतरत.

अन्न आणि कोळसा मिळून रोज किमान ४५०० टन हवे, असे ठरले. आरंभी अमेरिकनांच्या हाताशी युरोपात होती ती सुमारे शंभर डाकोटा विमाने. एका डाकोटात माल मावतो साडेतीन टन. म्हणजे दिवसाला जवळजवळ तेराशे फेऱ्या! मोठी स्कायमास्टर विमाने जगभरातून गोळा करून आणली. त्यांत माल मावे दहा टन. तरीही रोज साडेचारशे फेऱ्या. दिवसाची मिनिटे १४४०. तेव्हा रात्र असो, पाऊस असो, दर तीन मिनिटांनी एक विमान बर्लिनला उतरलेच पाहिजे, हे गणिताने सांगितले.

दुसरी संधी नाही

हे गणित प्रत्यक्षात उतरविले विल्यम टनर या अमेरिकन सेनापतीने. या माणसाचा आणि आपल्या देशाचा जुना संबंध होता. महायुद्धात आसामातल्या विमानतळांवरून हिमालय ओलांडून चीनला सामान पोचविण्याचे जे अवघड काम चालले होते, त्याची सूत्रे १९४४ च्या सप्टेंबरपासून त्याच्याकडे होती. त्या वाटेने युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि विमानेही पुष्कळ पडली. शौर्याच्या गोष्टी टनरने तेथे भरपूर पाहिल्या होत्या. त्याला शौर्य नको होते. त्याला घड्याळाच्या काट्यासारखे बिनचूक आणि कंटाळवाणे काम हवे होते.

१३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. बर्लिनवर ढग अगदी छपरांना टेकले होते. एक स्कायमास्टर धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन पेटले. त्यामागच्याचे ब्रेक लावताना टायर फुटले. तिसरे चुकून अपुऱ्या बांधलेल्या पट्टीवर उतरले. वर विमानांची चळत लागली. एकावर एक, सगळी घिरट्या घालताहेत आणि कोणाला कोण कोठे आहे ते कळत नाही. त्याच चळतीत खुद्द टनरचेही विमान होते. त्याने वरूनच हुकूम सोडला, "बाकी सगळ्यांना परत पाठवा." आणि त्या दिवसापासून नियम घातला: उतरायचा प्रयत्न एकदाच. चुकला, तर घिरटी घालून पुन्हा यायचे नाही. माल घेऊन तसेच आपल्या तळावर परत जायचे. एकाने दुसरी संधी घेतली तर मागच्या वीस जणांची पहिली संधी जाते.

हवा निरभ्र असली तरी काट्यांवरच उडायचे, हाही नियम झाला. ठरलेली उंची, ठरलेला वेग. फुल्डा या गावावरून जाताना प्रत्येक वैमानिकाने आपली वेळ रेडिओवर सांगायची, म्हणजे मागच्याने ती ऐकून आपले अंतर राखायचे. जायचे बाहेरच्या दोन रस्त्यांनी, परतायचे मधल्या रस्त्याने. बर्लिनला उतरल्यावर वैमानिकाने विमान सोडून कोठे जायचे नाही; खाणे आणि हवेची खबर घेऊन गाडीच त्याच्यापाशी येणार.

आमच्या बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि या खेळात तरबेज आहे. गेल्या सुट्टीत तो डाकोटा घेऊन वीसबाडेनहून बर्लिनला निघाला होता. २०२२ च्या अखेरीपासून त्या खेळात डीसी-३ मिळते, आणि डाकोटा म्हणजे डीसी-३ चेच सैनिकी रूप. मी शेजारी बसलो होतो.

"विमानाच्या पोटात काय आहे रे?" मी विचारले.

"कार्गो."

"कार्गो म्हणजे काय?"

"मामा, तिथं नुसतं वजन लिहायचं असतं. किलोत. बाकी काही विचारत नाहीत."

मी त्याला वरची यादी वाचून दाखविली. पोराने कागद ओढला आणि भागाकार केला. नुसत्या अन्नासाठी डाकोटाच्या सुमारे चारशे चाळीस फेऱ्या, हे त्याने माझ्याआधी काढले. मग त्याने वजनाच्या रकान्यातला आकडा बदलून पूर्ण भार भरला. "आता पीठ आहे," म्हणाला. त्या भाराने विमान धावपट्टीवरून उठायला जास्त वेळ घेऊ लागले, हे त्याच्या लगेच ध्यानात आले. तोपर्यंत बिचारे रिकामेच धावत होते.

नंतर मी त्याला टनरचा नियम सांगितला. त्याने ढग खाली आणले, पाऊस लावला. टेंपलहॉफचा जुना विमानतळ आता बंद आहे, म्हणून बर्लिनच्या नव्या विमानतळावर उतरायचे ठरले. पावणेदोन तासांनी तो तेथे पोचला, ढगांतून खाली आला, आणि पट्टी डाव्या हाताला राहिली. एरवी त्याने बटन दाबून तोच प्रसंग पुन्हा मांडला असता. हात बटनाकडे गेलाही होता. पण तो थांबला, चाके वर घेतली आणि विमान परतीच्या वाटेला लावले. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, साडेतीन टन पीठ परत चाललंय."

जेवायला उशीर झाला, हे सांगायला नकोच. पण त्याच्या आईने त्या दिवशी त्याला रागे भरले नाही.

मोंटानातले बर्लिन

खेळणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक नसते की बर्लिनच्या फेरीची नक्कल ही काही त्यांनी काढलेली टूम नव्हे. ती फेरी चालू असतानाच तिची नक्कल झाली होती, आणि सैन्याने केली होती. टनरला नवे वैमानिक हवे होते. पुष्कळसे जुने सैनिक घरी जाऊन नोकरीधंद्याला लागले होते. त्यांना परत बोलावले. त्यांना एकदम त्या गर्दीच्या आकाशात सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. तेव्हा अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स येथील तळावर बर्लिन उभे केले. घरे नव्हेत, रस्ते नव्हेत. वैमानिकाला धुक्यात जे ऐकू येते तेवढेच बर्लिन. रेडिओचे खांब अशा रीतीने लावले की ग्रेट फॉल्सचे आकाश टेंपलहॉफच्या आकाशासारखे व्हावे. जमिनीवरच्या नकली विमानात बसून आणि मग खऱ्या विमानातून तीच वाट पुनःपुन्हा उडून शेकडो माणसे तयार झाली आणि जर्मनीला गेली.

जत्रेतल्या खेळाचे काम आणि उपाशी शहराचे काम यांची गाठ अशी मोंटानात पडली. घरी चूक करावी, म्हणजे बाहेर ती होत नाही, हा त्यातला सगळा शहाणपणा.

पण या शहाणपणाची एक बाजू पडद्यावर सहसा येत नाही. पडद्यावर असतो एकटा वैमानिक. बर्लिन जगले ते एकट्या वैमानिकांमुळे नव्हे. दोन विमानतळ अपुरे पडू लागले म्हणून टेगेल येथे तिसरा बांधायला घेतला. यंत्रे थोडी होती. हजारो बर्लिनकर पाळ्या लावून राबले, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा आणि दगड त्यांनी त्या पट्टीखाली घातले. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या कामावर नोव्हेंबरात पहिले विमान उतरले. दहा टन कोळसा काही मिनिटांत उतरविणारे हमाल जर्मन होते. विमानांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांत तर जर्मन वायुदलाचे जुने कारागीरही होते; तीन वर्षांपूर्वी ते विमाने दुरुस्त करीत ती याच लोकांशी लढण्यासाठी.

या सगळ्या काटेकोर कारभारात एक वैमानिक नियमाबाहेर गेला. गेल हॅल्व्हर्सन त्याचे नाव. जुलै १९४८ मध्ये टेंपलहॉफच्या कुंपणाशी त्याला काही मुले भेटली. मुले बोलली, पण त्यांनी काही मागितले नाही. त्याच्या खिशात च्युइंगमच्या दोन वड्या होत्या, त्या त्याने तोडून दिल्या. ज्यांना तुकडा मिळाला नाही त्यांनी कागदाचा नुसता वास घेतला! त्याने कबूल केले, उद्या विमानातून खाऊ टाकीन. "तुमचे विमान कोणते हे कसे ओळखायचे?" असे मुलांनी विचारले. "पंख हलवीन," तो म्हणाला. हातरुमालांच्या हवाई छत्र्यांना बांधलेला खाऊ दुसऱ्या दिवसापासून पडू लागला. वरिष्ठांना कळल्यावर आधी बोलणी बसली, मग परवानगी मिळाली, आणि पुढे इतर वैमानिकही त्यात सामील झाले. २०२२ च्या फेब्रुवारीत एकशे एकाव्या वर्षी हा गृहस्थ वारला. खाऊने कोणाचे पोट भरले नसेल. पण आपल्यासाठी कोणी तरी पंख हलवितो, हे त्या पोरांना कळले.

पडद्याआड काय राहते

नोव्हेंबरात धुके आले. २० तारखेला बेचाळीस विमाने बर्लिनकडे निघाली, उतरले एक. एका वेळी तर शहरात आठवड्याचाच कोळसा उरला होता. लोक थंडीत कुडकुडले, अंधारात बसले. पण फेऱ्या थांबल्या नाहीत. हिवाळा सरला, आणि १९४९ च्या एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, चोवीस तासांत १२,९४१ टन कोळसा एकाही अपघातावाचून पोचविण्यात आला. जवळजवळ मिनिटाला एक विमान! पुढच्या महिन्यात, १२ मे रोजी, रशियाने नाकेबंदी उठविली. साठा असावा म्हणून फेऱ्या सप्टेंबरअखेर चालूच राहिल्या. एकूण फेऱ्या पावणेतीन लाखांच्या वर आणि माल सुमारे तेवीस लाख टन.

या यशाची किंमतही द्यावी लागली. २५ जुलै १९४८ च्या रात्री एक डाकोटा उतरता उतरता फ्रीडेनाउ वस्तीतल्या एका इमारतीवर आदळले आणि दोन्ही वैमानिक मेले. बर्लिनकरांनी तेथे त्यांच्या आठवणीची पाटी लावली आणि फुले वाहिली. टेंपलहॉफसमोर १९५१ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ३१ अमेरिकन आणि ३९ ब्रिटिश माणसांची नावे आहेत. जर्मन कामगार मेले ते निराळेच.

असे प्रसंग फक्त बर्लिनवरच आले असे नाही. त्याच सुमारास आपल्याकडे काश्मिरात पूंछ शहर वेढले गेले होते, आणि हजारो निर्वासित आत अडकले होते. सैनिकांनी आणि निर्वासितांनी मिळून डोंगराच्या कुशीत एक आखूड धावपट्टी तयार केली, आणि डिसेंबर १९४७ पासून आपल्या वायुदलाची डाकोटा विमाने तिच्यावर उतरू लागली. तो मार्ग उघडण्यात एअर कमोडोर मेहरसिंग स्वतः आघाडीवर होते. १९९२ च्या सप्टेंबरात बोस्नियातल्या वेढलेल्या सारायेव्होकडे कांबळी घेऊन निघालेले इटालियन विमान पाडले गेले आणि आतले चौघे मेले. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या महापुरात अडकलेल्यांना सोडविणारे वायुदलाचे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि वीस जणांचा अंत झाला.

हे पडद्यावर येत नाही. तेथे विमान आदळले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. तेथे पीठ पोचले नाही म्हणून कोणी उपाशी झोपत नाही. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. मुलाने खेळू नये असे मी म्हणणार नाही. लिंकचा पेटारा खेळातूनच वर आला, आणि मोंटानातले बर्लिनही नक्कलच होते. पण ग्रेट फॉल्सच्या माणसांना आपण कोणासाठी शिकतो आहोत हे माहीत होते. आपल्या मुलांना ते आपण सांगायला हवे, कारण खेळ ते सांगत नाही. तो फक्त किलो विचारतो.

यासाठी आईबापांना विमान चालविता यायला नको. मुलाशेजारी घटकाभर बसावे आणि दोनचार साधे प्रश्न विचारावे. पोटात काय आहे? ते किती माणसांना किती दिवस पुरेल? तेथे ते उतरवून कोण घेणार? आणि तू पोचला नाहीस तर त्यांचे आज रात्री काय होणार? भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलाला यातली पहिली दोन उत्तरे काढता येतात. उरलेल्या दोहोंसाठी थोडा वेळ गप्प बसावे लागते, आणि मुले तशी बसतात, हे मी पाहिले आहे.

टेंपलहॉफचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. २०१० पासून ती जागा लोकांना फिरायला मोकळी आहे. ज्या पट्ट्यांवर तीन तीन मिनिटांनी कोळसा आणि पीठ उतरत होते, तेथे आता पोरे सायकली फिरवितात, पतंग उडवितात आणि त्यांच्या आया हिरवळीवर डबे उघडून बसतात. बाहेरच्या स्मारकाला तीन वाकलेल्या फासळ्या आहेत. त्या तीन हवाई रस्त्यांच्या खुणा. बर्लिनकरांनी मात्र त्याला आपल्या परीने नाव ठेवले आहे. ते त्याला 'भुकेचे दाताळे' म्हणतात.